त्रेसष्टावं पान

"आणि हे त्रेसष्टावं पान कोरं का आहे?"

आवटी मॅडमनी वही उलटी करून पाहिली, जणू अक्षरं पलीकडच्या बाजूनं गळून पडली असावीत. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी समोर बसलेल्या उल्काकडे पाहिलं.

"राहिलं का गं?"

"राहिलं नाही. सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"म्हणजे उतरवलं नाही, मॅडम."

मुजावर सरांनी तोंडाला लावलेला कप खाली ठेवला. खांबेटे सर लसूण सोलत होते, ते सोलत राहिले.

नियम एकच होता आणि तो उल्काला पहिल्याच रविवारी सांगितला गेला होता. वहीत जसं आहे तसं उतरवायचं. काना नाही, मात्रा नाही, स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. आणि का, हे विचारायचं नाही.

'का विचारू नकोस' म्हणणारी माणसं उल्का साळोखेला आयुष्यात काही कमी भेटली नव्हती. पण गणितवाल्यांच्या घरात ते ऐकावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. तरी ती तेव्हा गप्प बसली होती. आपण गप्प बसलो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं.

गप्प बसायला कारण होतं. खांबेटे सरांच्या सांगलीतल्या घरात पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत म्हणजे फळा होता. दर रविवारी सकाळी नऊ वाजता तिथं बैठक भरायची. एकानं फळ्यापाशी उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी त्याला पदोपदी अडवायचं. कधीकाळी दहा-बारा जण येत. आता सर धरून तिघंच उरले होते. सर ऐंशीचे. मुजावर सर त्यांचे पहिले विद्यार्थी, निवृत्त होऊन आठ वर्षं झालेले. आवटी मॅडम त्यांच्यानंतरच्या. आणि गेल्या वर्षापासून चौथी उल्का.

ती कवठे महांकाळहून एसटीनं यायची. तिथल्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर बारावीला गणित शिकवायची. वर्गात तिनं काहीही सुंदर सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" ते परीक्षेला येत नसे. मग ते कुणालाच नको असे. परीक्षेला न येणाऱ्या गोष्टींवर भांडणारी माणसं तिला माहीत असलेल्या जगात या एकाच खोलीत होती.

पण इथं खडू असा हातात मिळत नसे. आधी वही उतरवावी लागे.

वही दाते मास्तरांची. खांबेटे सरांना ज्यांनी घडवलं ते हे मास्तर. वलयं आणि मॉड्यूल यांचं, म्हणजे उच्च बीजगणितातलं, गणित मराठीतून शिकवता येत नाही असं त्यांना कुणीतरी म्हणालं होतं, त्याला त्यांनी चौऱ्याण्णव पानांचं उत्तर दिलं होतं. मास्तरांवरून सरांनी उतरवलं, सरांवरून मुजावरांनी, मुजावरांवरून आवटी मॅडमनी. मूळ वही पुढं वाळवीनं खाल्ली. उतरवून झालं की मोठी माणसं पानन् पान ताडून बघत. बरोबर असेल तर उतरवणाऱ्यानं शेवटच्या पानावर सही करायची, आणि पुढच्या रविवारी फळा तुमचा.

वर्षभर उल्कानं ऐकलं होतं आणि चहा प्यायला होता. आज तिची वही तपासायची होती.

"त्र्याण्णव पानं छान उतरवलीस," मुजावर सर म्हणाले. त्यांचा आवाज जात्याच समजूत घालणारा होता. "अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आता एक पान. बस इथं आणि लिहून टाक. दहा मिनिटांचं काम."

"ते चूक आहे, सर."

"काय चूक आहे?"

"त्रेसष्टावं पान."

मुजावर सरांनी आवटी मॅडमकडे पाहिलं. आवटी मॅडमनी खिडकीकडे पाहिलं.

"वाच बघू मोठ्यानं," खांबेटे सर लसणावरची नजर न काढता म्हणाले.

उल्कानं मॅडमची जुनी वही ओढून घेतली आणि वाचलं.

"साखळी चोख असेल तर दोन्ही टोकं कळली की मधलं कळलं."

चोख साखळी हा मास्तरांचा शब्द. परदेशी पुस्तकं जिला एक्झॅक्ट सिक्वेन्स म्हणतात ती ही. मास्तरांनी ती खोल्यांची रांग काढून समजावली होती. एका खोलीतून पुढच्या खोलीत जायला एक दार. पहिलीतून दुसरीत जे जे आलं, ते तिसरीच्या दारात शून्य होतं. आणि तिसरीच्या दारात जे जे शून्य झालं, ते पहिलीतूनच आलेलं असतं. कमी नाही, जास्त नाही, म्हणून चोख. सगळ्यांत लहान साखळीत दोन टोकं आणि मधे एक. पहिलं टोक मधल्याच्या पोटात अख्खं बसतं. मधल्यानं पोटातलं ते शून्य मानलं की उरतं ते दुसरं टोक.

"देखणं वाक्य आहे," खांबेटे सर म्हणाले.

"देखणं आहे. खोटं आहे."

"जपून, उल्का," आवटी मॅडम म्हणाल्या.

"दाखवू का?"

कुणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही. उल्काला तेवढं पुरायचं.

ती उठून दारामागच्या लाकडी स्विचबोर्डापाशी गेली. बोर्डावर दोन बटणं होती आणि शेजारी पंख्याचा जुना काळा रेग्युलेटर. शून्य, एक, दोन, तीन, आणि पुढं फिरवला की परत शून्य. असा गोल फिरत राहणारा.

"ही दोन बटणं. दोन्ही बंद, एक चालू, दुसरं चालू, दोन्ही चालू. किती तऱ्हा?"

"चार," मुजावर सर म्हणाले. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं.

"आणि हा रेग्युलेटर?"

"चार."

"आता बटणांच्या जोडीतलं एक बटण पोटातलं धरा, उरलं एक बटण. म्हणजे एका टोकाला एक बटण, दुसऱ्या टोकाला एक बटण. बरोबर?"

"बरोबर."

"रेग्युलेटरमधे शून्य आणि दोन एवढंच वापरलं, तर ते बटणासारखंच चालतं. दोनदा केलं की परत शून्य. ते झालं पोटातलं. ते विसरलं, तर उरतं फक्त सम की विषम. तेही बटणच. म्हणजे इथंही एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला बटण. टोकं तीच."

"हं."

"मग मधलं तेच आहे का?"

तिनं एक बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. दुसरं दाबलं, तर पंखा बंद पडला. पुन्हा दाबलं, सुरू झाला.

"बटणांचं काहीही करा, तेच दोनदा केलंत की तुम्ही परत घरी. आता हा बघा."

पंखा शून्यावर आणून तिनं रेग्युलेटर एक घर फिरवला. मग आणखी एक घर. पंखा घरघरत दोनवर आला आणि खांबेटे सरांच्या पुढ्यातली लसणाची टरफलं खोलीभर उडाली. एक आवटी मॅडमच्या केसांत जाऊन बसलं.

"दोनदा केलं. घरी नाही आलो. दोनवर आलो."

"कळलं," सर म्हणाले. "आता पंखा कमी कर. हा तासाभराचा लसूण आहे."

उल्कानं पंखा एकवर आणला. टरफलं गोळा करायला वाकली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की कुणी वाद घातला नव्हता. इतक्या सोप्या प्रतिउदाहरणावर इथं एरवी तासभर भांडण झालं असतं.

ती तशीच, मूठभर टरफलं घेऊन, सरळ झाली.

"तुम्हाला माहीत होतं."

मुजावर सरांनी घसा खाकरला.

"मॅडम, तुम्हालाही?"

"अगं, मी तिथं पेन्सिलीनं एक ठिपका दिलाय," आवटी मॅडम हळूच म्हणाल्या. "अगदी बारीक. समासात. बदल नाही केला. ठिपका म्हणजे काही अक्षर नव्हे."

उल्कानं वही डोळ्यांजवळ नेली. ठिपका होता. माशीनं घाण केली असावी एवढा.

"आणि तुम्ही, मुजावर सर?"

"मी वाचताना मनात म्हणतो. 'जर भागता येत असेल तर.' ते मनात म्हणायचं आणि मग पुढं वाचायचं. भागाकार चालतो तिथं वाक्य खरंच आहे की. अपूर्णांक घे, काहीच अडचण नाही. अडतं ते पूर्णांकांत. तिनाला दोननं भागायला गेलीस की पूर्णांकांतून बाहेर पडतेस. तिथंच तुझा तो रेग्युलेटर निघतो."

"किती वर्षं म्हणताय मनात?"

"सेहेचाळीस."

"सेहेचाळीस वर्षं," उल्का म्हणाली. "मनात."

"पोरी, मास्तरांचा शब्द आहे तो. नियमही मास्तरांचाच. मास्तर चुकले असं म्हणणार कोण?"

"मी."

"तू त्यांना पाहिलेलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठं पाहिलंय, सर?"

ते खरं होतं. मुजावर सर बैठकीत आले त्याच्या कितीतरी आधी मास्तर गेले होते. मुजावर सर हसले, पण ते हसू लगेच विरलं.

"हे बघ उल्का," आवटी मॅडम पुढं झाल्या. "तुला फळा हवाय. आम्हालाही तू फळ्यापाशी हवी आहेस. खोटं कशाला बोलू, तुझ्यानंतर कोण येणार आहे इथं? पण नियम मोडला तर ही बैठक राहत नाही, चार जणांचं चहापान राहतं. एक वाक्य आहे. डोळे मीट आणि उतरव. मग ठिपका दे. माझ्यापेक्षा मोठा दे हवा तर."

तिच्या भल्यासाठीच बोलत होत्या त्या. त्याचाच उल्काला जास्त राग येई. वाईट माणसांशी भांडणं सोपं असतं. मॅडम दर रविवारी तिच्यासाठी घरून डबा आणत, परतीच्या एसटीत खायला.

"नाही उतरवणार."

"मग सही नाही," मुजावर सर म्हणाले. त्यांना ते म्हणताना त्रास झाला. "आणि सही नाही तर..."

"माहीत आहे. तर खडू नाही."

"येऊ नकोस असं नाही कुणी म्हणत."

"ऐकायला यायचं आणि चहा प्यायचा. अजून किती वर्षं? तुमचे दाते मास्तर आज माझ्या वर्गात असते ना, तर या पानावर मी त्यांना नापास केलं असतं."

लसूण सोलणारे हात थांबले.

"मास्तरांना बोलू नकोस," खांबेटे सर म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. पण सरांनी असं कधी कुणाला अडवलं नव्हतं. उल्काचे कान तापले.

"सॉरी, सर. पण चूक ती..."

"त्यांची नाही."

सरांनी हातातली पाकळी खाली ठेवली.

"ती चूक मास्तरांची नाही," सर पुन्हा म्हणाले. त्यांनी पंच्याला हात पुसले, बराच वेळ. "माझी आहे."

मुजावर सर अर्धवट उठले. "काय बोलताय, सर?"

"बस रे. मास्तरांनी लिहिलं होतं, 'जिथं भागाकार चालतो तिथं, साखळी चोख असेल तर दोन्ही टोकं कळली की मधलं कळलं.' पहिले चार शब्द मी गाळले."

"चुकून गळले असतील."

"गळले नाहीत, मुजावर. गाळले. बावीस वर्षांचा होतो. उतरवता उतरवता त्या वाक्यापाशी आलो आणि मला ते अडखळलेलं वाटलं. एवढं देखणं वाक्य, आणि सुरुवातीलाच चपलेत खडा. मला वाटलं, मास्तर उगीच भितात. इतकी सुंदर गोष्ट काय फक्त भागाकार चालतो तिथंच खरी असेल? सगळीकडे असणार. त्यांना सिद्ध करता आली नसेल, म्हणून अट घातली असेल. मी काढून टाकली."

उल्का हळूच खाली बसली. टरफलं अजून तिच्या मुठीत होती.

"मास्तरांनी तपासली नाही वही?"

"तपासली. माझ्यासमोर. त्रेसष्टाव्या पानावर थांबले. वाक्य दोनदा वाचलं असावं, तेवढा वेळ थांबले. मग माझ्याकडे पाहिलं..."

"आणि?"

"पान उलटलं."

"काहीच नाही बोलले?"

"शेवटच्या पानाशी सही कर म्हणाले."

"का?"

"ते विचारायचं राहिलं. मला कारणच नव्हतं विचारायला, मी बरोबर होतो ना. वर्षाच्या आत ते गेले. मग किती वर्षांनी मला कळलं. असाच एक वर्ग घेत होतो, फळ्यावर चाराचं उदाहरण मांडलं, तुझ्या रेग्युलेटरसारखंच, आणि हात तिथंच राहिला. पोरांना वाटलं मला भोवळ आली. पाणी आणलं त्यांनी."

सर स्वतःशीच हसले.

"तेव्हा दुरुस्त का नाही केलंत?" उल्कानं विचारलं. तिच्या आवाजातली धार गेली होती, पण प्रश्न तिनं सोडला नाही.

"दुरुस्त करायचं तर सांगावं लागलं असतं."

"कुणाला?"

सरांनी मुजावरांकडे बोट केलं. "याला. पुढच्याच वर्षी हा आला. डोळे एवढे मोठे करून बसायचा. म्हणायचा, सर, मास्तरांचं आणखी सांगा. याला काय सांगू, मास्तरांचं वाक्य मी मोडलं म्हणून? मग नियम काढला. वहीला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा लावला होता, तेवढा पुरे झाला."

"म्हणजे नियम मास्तरांचा नाही?" आवटी मॅडमनी विचारलं.

"मास्तरांनी आयुष्यात एक नियम केला नाही. चहा थंड होऊ देऊ नका, एवढं म्हणत."

मुजावर सर काही वेळ आपल्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसले. सेहेचाळीस वर्षं मनात म्हटलेली ती अट कुठंतरी खरोखर लिहिलेली होती, हे आत उतरायला त्यांना वेळ लागत असावा. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मास्तर चुकले नव्हते."

"नव्हते."

"मी मनात म्हणत होतो ते मास्तरांचंच होतं."

"तुझे शब्द थोडे वेगळे आहेत. पण हो."

"मग सुटलाच की प्रश्न." मुजावर सरांनी खिशातून पेन काढलं. "मॅडम, उघडा वही. सगळ्यांनी चार शब्द घालायचे. नियमही मोडला नाही. मूळ होतं तसं होईल."

आवटी मॅडमनी पर्समधून खोडरबर काढलं होतं आणि त्या ठिपका पुसतही होत्या. त्यांचे डोळे ओले होते आणि त्या पुसत होत्या मात्र ठिपका. उल्काला त्यांना मिठी मारावीशी वाटली. राग होताच, पण तरीही.

खांबेटे सरांनी उल्काची वही जवळ ओढली. त्रेसष्टावं पान उघडलं, कोरं, आणि तिच्यासमोर सरकवलं. मुजावरांच्या हातातलं पेन घेऊन तिच्या पुढं धरलं.

"लिही, उल्का. 'जिथं भागाकार चालतो तिथं.' तुझ्या अक्षरात लिही. माझ्या हातून राहिलेलं तुझ्या हातून होऊ दे... मला बरं वाटेल."

पेन धरलेला हात तसाच पुढं होता. वर्षभरापूर्वी ती पहिल्यांदा या दारात आली, तेव्हा याच हातानं तिच्यासाठी खुर्ची ओढली होती आणि विचारलं होतं, "काय आवडत नाही तुला गणितातलं? ते आधी सांग." असं तिला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

आता फक्त लिहायचं होतं. वाक्य खरं होतं. सही होती, पुढच्या रविवारी फळा होता, आणि या माणसाच्या मनावरचं इतक्या वर्षांचं ओझं उतरणार होतं. चार शब्द.

उल्कानं पेन घेतलं. टोपण काढलं.

मग परत लावलं.

"नाही, सर."

"आता काय झालं?" मुजावर सर म्हणाले. "आता तर खरं आहे ना ते?"

"खरं आहे. मास्तरांचं वाक्य खरं आहे, त्याला कोण नाही म्हणतंय. पण ते वाक्य वहीत असतं ना, तर मी ते वाचलं असतं, हो म्हटलं असतं आणि पुढं गेले असते. मला काही झालंच नसतं." ती सरांकडे वळली. "तुमचं खोटं वाक्य वाचलं आणि मला रागानं जेवण जाईना. म्हटलं, टोकं कळली तर मधलं कसं कळेल? मग म्हटलं, नाही कळत तर नाही कळत, पण किती नाही कळत? टोकं तीच ठेवून मधलं किती तऱ्हांनी सांधता येईल? ते मी मोजायला बसले. बसमधे, वर्गात पोरं गणितं सोडवत असताना, सगळीकडे. दोन आणि दोन घेतले तर दोनच तऱ्हा, ही बटणं आणि तो रेग्युलेटर. मग मोठे आकडे घेतले. बारा घरांचा एक रेग्युलेटर, अठरा घरांचा दुसरा. किती तऱ्हा असतील?"

मुजावर सरांचे ओठ हलायला लागले. आवटी मॅडम बोटांवर काहीतरी करू लागल्या.

"सहा," उल्का म्हणाली. "पंधरा आणि दहा घ्या, पाच. आठ आणि नऊ घ्या, एकच. मी चाळीसएक जोड्या केल्या तेव्हा दिसलं. मसावि येतो. पाचवीतला मसावि, सर. मग सिद्ध केलं."

"हे पुस्तकात आहे, पोरी," मुजावर सर हळुवारपणे म्हणाले. "फार जुनी गोष्ट आहे."

"माहीत आहे. नंतर पाहिलं मी. असू दे. पण पुस्तकाच्या आधी मला सापडलं." तिनं वही स्वतःकडे ओढली. "त्रेसष्टाव्या पानावर मी ते लिहिणार. सरांचं वाक्य नाही उतरवणार, ते खोटं आहे. मास्तरांचंही नाही उतरवणार, त्यानं पुढच्याला झोप येईल. माझं लिहिणार. आणि खाली माझी सही करणार."

"मास्तरांच्या वहीत?" आवटी मॅडमच्या हातातलं खोडरबर तसंच राहिलं. "स्वतःचं?"

"हो."

"आणि तुझ्यानंतर जी येईल ती? तिनं काय उतरवायचं?"

"तिला नाही पटलं तर तिनं नाही उतरवायचं."

"असं कसं चालेल गं? मग वही राहील का?"

"ते मला माहीत नाही, मॅडम. मी उतरवणार नाही, एवढं माहीत आहे. खडू नका देऊ हवं तर."

आवटी मॅडम ठिपका होता त्या जागेकडे बघत राहिल्या. तिथं आता पुसल्याचा डाग होता.



खांबेटे सर उल्काच्या कोऱ्या पानाकडे पाहत होते. पहिल्यांदा वाचत असावेत, तसे. मग त्यांनी लसणाची एक पाकळी उचलली, तिच्यावरचं टरफल अंगठ्यानं काढलं आणि म्हणाले,

"लिही. पण त्यात एक चूक राहू दे."

"मी मुद्दाम चूक नाही ठेवणार, सर."

सरांनी मान डोलावली.

"मीही मुद्दाम नव्हती ठेवली."